फुगा लहान होता

वरच्या मजल्यावरची ताई आणि खालच्या मजल्यावरचा तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण दळणवळण उत्तम होतं. ताईला काही कळवायचं असलं की ती आपल्या मुलीला सांगे, मुलगी सतरा पायऱ्या उतरून मामाला सांगे आणि मामाचं उत्तर घेऊन सतरा पायऱ्या चढे. पाण्याची टाकी, जिन्यातला बल्ब, कोणाच्या छातीत कफ झालाय, औषधाची कुठली पट्टी कोणाकडे शिल्लक आहे, सगळं वेळच्या वेळी पोचे. बोलणाऱ्या भावंडांना एकमेकांची एवढी खबर नसते.

अडचण एवढीच होती की येत्या रविवारी ताई घर सोडून चालली होती. तिचे गुडघे जिन्याला कंटाळले होते आणि मुलीने शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टचं घर घेतलं होतं. मामाने हे ऐकलं तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं आणि पुढचे दोन दिवस जिन्यातला चांगला चालणारा बल्ब काढून पुसून परत लावत बसला. तो त्रेसष्ट वर्षांचा, ताई सत्तरीची. रविवारच्या आत बोलणं झालं नाही तर ते कधी होणार, हा प्रश्न भाचीला पडला होता. मामालाही पडला होता, पण तो व्याकरणाचा माणूस. वाक्याची सुरुवात कर्त्याने करायची असते आणि या भांडणातला कर्ता कोण, तिथेच त्याचं अडलं होतं.

भांडण झालं होतं एका टिंबावरून.

मामा अनुवादक होता. मुलांच्या एका मासिकात 'अष्टधातू' नावाच्या यंत्रमानवाची चित्रकथा येई. ती आपल्या भाषेत आणायचं काम त्याने बावीस वर्षं केलं. ताई अक्षरलेखिका. मूळ चित्रातले बोलण्याचे फुगे पांढऱ्या रंगाने पुसून त्यांत टाकाने नवे संवाद लिहायचे, हे तिचं काम. मामाला शब्द आवरत नसत आणि फुग्याला आपला आकार सोडता येत नसे. त्या दोघांत ताई होती म्हणून मासिक वेळेवर निघे.

अष्टधातू म्हणजे आठ धातूंचं यंत्र. ते आगीतून चालायचं, कोसळणारे पूल तोलून धरायचं आणि हे सगळं उरकलं की गच्चीच्या कठड्यावर बसून आपण माणूस का नाही याचा विचार करायचं. मूळ भाषेत क्रियापदाला लिंग नव्हतं. तिथे मुलगा, मुलगी आणि फ्रिज एकाच पद्धतीने येतात आणि जातात. आपल्याकडे 'मी आलो' म्हटलं की पुरुष आला, 'मी आले' म्हटलं की बाई आली. आठ धातूंनी काय म्हणून यावं? मामाने तीन दिवस विचार केला, आणि पहिल्याच अंकात जळत्या गोदामाच्या दारात उभं राहून अष्टधातू म्हणालं, "घाबरू नका! मी आलं!"

संपादकाला वाटलं, छपाईची चूक आहे. काही पालकांना वाटलं, हे चहात घालायचं आलं आहे. पण सहा महिन्यांत शाळांच्या मधल्या सुट्टीत पोरं 'मी पडलं', 'मी जिंकलं', 'मी नापास झालं' असं बोलू लागली, आणि मासिकाचा खप वाढल्यामुळे संपादकालाही व्याकरण पटलं.

माणूस होण्याचा अष्टधातूचा शोध बावीस वर्षं चालला. चौदाव्या अंकात ते हसायला शिकलं, पण पहिल्यांदा हसलं ते शोकसभेत. सदतिसाव्या अंकात त्याने रडून पाहिलं. डोळ्यांतून वंगण आलं आणि त्यावरून एक नगरसेवक घसरला. एकसष्टाव्यात ते पहिल्यांदा खोटं बोललं. एका बेसुऱ्या बाईला त्याने "छान गाता" म्हटलं आणि त्याच्या छातीतला दिवा आठवडाभर पिवळा राहिला. 'मी उडालं', 'मी उडतं' म्हणताना ते यंत्र असे. भविष्यकाळात मात्र, 'मी येईन' म्हणताना, त्याच्यात आणि माणसात काहीच फरक राहत नसे. हे मामाच्या लक्षात आलं होतं आणि त्याचा त्याला गुप्त अभिमान होता. ज्या दिवशी ते माणूस होईल त्या दिवशी 'ते'चा 'तो' होणार. त्यासाठी एकच वाक्य त्याने बावीस वर्षं राखून ठेवलं होतं: 'मी माणूस झालो.'

शेवटचा भाग आला. आपली सगळी शक्ती शहराला देऊन टाकलेलं अष्टधातू एका बाकावर बसलंय. शेजारी एक अनोळखी म्हातारी आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला थंडी वाजतेय. फुगा एकच. मामाने 'झालो' लिहून दिलं होतं. अंक छापून आला त्यात होतं: 'मी माणूस झालं.'

संपादक 'अक्षरलेखिकेची चूक' अशी दुरुस्ती छापायला निघाला. मामा धावत गेला, त्याच्या हातून कागद घेतला आणि स्वतः मजकूर लिहिला: 'मागील अंकातील शेवटच्या चौकटीत फुगा लहान असल्याने "झालो"ऐवजी "झालं" छापले गेले. वाचकांनी कृपया सुधारून वाचावे.' बहिणीच्या नावाला धक्का लागू दिला नाही या आनंदात तो घरी आला आणि दुरुस्तीचा अंक छापून येताच त्याने तो स्वतःच्या हाताने वर नेऊन दिला.

त्या संध्याकाळपासून ताई बोलायची बंद झाली. मामाला वाटलं, चुकीची लाज वाटत असेल, चार दिवसांत बोलेल.

चार दिवसांत एवढंच झालं की जिन्यातून रोज दुपारी ताईचा आवाज येऊ लागला. ती मुलीला विचारायची, "ते जेवलं का?" 'जेवला का' नाही, 'जेवलं का'. पूर्वी ती त्याच्याशीच बोलायची, त्यामुळे त्याच्याविषयी बोलायची वेळ कधी आली नव्हती. आता आली होती. नपुंसकलिंग म्हणजे काय हे या घरात कोणाला माहीत असेल तर ते मामाला. त्याने ते बावीस वर्षं पत्रे आणि खिळे यांच्यासाठी जपून वापरलं होतं. बहिणीने आपल्याला वस्तूंत काढलं, हे त्याला स्वच्छ कळलं आणि तोही बोलायचा बंद झाला.

बुधवारी भाची खाली आली ती कागदांची चळत घेऊन. ती परदेशी चित्रपटांना आपल्या भाषेतले आवाज बसवायचं काम करायची आणि नशिबाने तिच्याकडे आला होता अष्टधातूचा चित्रपट. चित्रकथेत बावीस वर्षांत ते जेवढं हललं नव्हतं तेवढं या चित्रपटात पहिल्या अकरा मिनिटांत हलत होतं. माणुसकीच्या शोधात सतरा इमारती, दोन पूल आणि एक धरण पडत होतं. भाचीने सगळे संवाद मामाच्या जुन्या पद्धतीने, 'मी आलं' ठेवूनच लिहिले होते.

"मामा, शुक्रवारी शेवटचं रीळ. शेवटचं वाक्य सांग."

"त्यात सांगायचं काय? झालो."

"लोकांना 'झालं' हवंय."

"कुठल्या लोकांना?"

"तुझं मासिक वाचणारी पोरं. आता टकली झालीत सगळी, पण पत्रं येताहेत. एकाने तर दंडावर गोंदवून घेतलंय, 'मी माणूस झालं'."

"चुकीचं गोंदवलंय त्याने. आपण दुरुस्ती छापली होती."

"दंडावर कशी चिकटवणार दुरुस्ती?"

"मग बाही लांब शिव म्हणावं."

भाचीने कागद टेबलावर ठेवले. "आईला विचार ना. तिनेच लिहिलं होतं ते."

"मी विचारू? जी मला रोज वस्तू म्हणते तिला?"

"वस्तू कधी म्हणाली?"

"रोज म्हणते. ते जेवलं का. ते आलं का. ते अजून खोकतंय का. मी काय पाण्याची मोटर आहे?"

भाची आधी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "मामा, नऊ वर्षं तू यावर रुसून बसलायस?"

"हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"अरे, आईने आयुष्यात तिघांनाच 'ते' म्हटलंय. मी पाळण्यात होते तेव्हा मला, गच्चीवर सापडलं होतं त्या मांजराच्या पिल्लाला आणि तुला. मला तर शाळेत घातल्यावर बंद केलं. पिल्लू मोठं होऊन बोका झालं, त्यालाही बंद केलं. तुझं तेवढं चालूच आहे."

मामाने पेनाचं टोपण काढलं. लिहिण्यासारखं काही नाही हे पाहून परत लावलं. मग तो उठला आणि भाचीला काही न सांगता जिना चढू लागला. सतरा पायऱ्यांपैकी नवव्या पायरीवर तो थांबला, पण परत फिरला नाही.

वर दार उघडंच होतं. खोल्यांत खोकी भरून ठेवलेली. ताई जमिनीवर वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत बसली होती. तिने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि एक बशी गुंडाळून पूर्ण केली.

"त्या खोक्यावर बसू नकोस, काचा आहेत. पलीकडच्यावर बस. त्यात तू अनुवाद केलेली पुस्तकं आहेत, दबली तरी चालतील."

मामा बसला. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय असावं याचा त्याने जिन्यात विचार केला होता. त्यातलं काही आठवेना.

"तू ते मुद्दाम लिहिलं होतंस?"

"काय?"

"झालं."

"नऊ वर्षांनी आलास आणि शुद्धलेखन तपासतोस?"

"ताई, सांग ना."

"नाही. फुगा लहान होता." ताईने कप जरा जोरात ठेवला. "तूच छापलंस ना जगाला कळेल असं? अंक त्रेपन्न आठवतो? तो खलनायक विमानातून पडता पडता तू त्याला सव्वीस शब्द बोलायला लावलेस. पडणारा माणूस सव्वीस शब्द बोलतो कधी? आणि फुगा केवढा, तर वाटाण्याएवढा. बसवले की नाही मी?"

"बसवलेस."

"स्वल्पविरामासकट बसवले. आणि मला एक काना, एक मात्रा बसेना?"

"अगं, तो संपादक तुझी चूक म्हणून छापायला निघाला होता. मी तुला वाचवलं."

"चूक म्हणाला असता तर चाललं असतं मला. चुका तर तुझ्याही होत्या पायलीभर. जागा पुरली नाही म्हणजे हिला काम येत नाही, असं झालं. आणि ते कोणी लिहावं? तू?"

मामाला पहिल्यांदाच दिसलं की बहिणीच्या अब्रूला लागू न दिलेला धक्का त्याने नेमका तिच्या हाताला दिला होता.

"मग मुद्दाम केलंय हे सांगायचंस ना तेव्हा."

"तू विचारलंस?"

"सांगितलं असतंस तर विचारलं नसतं."

"आणि विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

दोघांचंही म्हणणं बरोबर असल्यामुळे चर्चा काही वेळ पुढे सरकली नाही. ताईने दोन कप गुंडाळले. तिसरा तिने हातातच ठेवला.

"त्याला थंडी वाजत होती रे," ती म्हणाली. "चित्र समोर होतं माझ्या. एवढं मोठं धूड, बाकाच्या कडेला अंग चोरून बसलेलं. 'मी माणूस' इथपर्यंत लिहिलं. पुढे तुझं 'झालो'. मी साहेब झालो, मी चेअरमन झालो, तसं. ते बढतीचे पेढे वाटायला बसलं होतं का तिथे? माझा हातच होईना."

"माणूस पुल्लिंगी आहे, ताई. कोशात बघ." हे मामा सवयीने म्हणाला. त्याच्या आवाजात कोशाची बाजू घेण्याइतका जोर नव्हता.

"कोशात असेल. घरात नसतो. तुझे भाऊजी गेले तेव्हा दारात आलेला प्रत्येक जण काय म्हणाला? 'फार भलं माणूस होतं हो.' भला म्हणालं का कोणी एक तरी?"

मामाने आठवून पाहिलं. कोणी म्हणालं नव्हतं. तो स्वतःही म्हणाला नव्हता.

"आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास," ताई म्हणाली. "मी अकराची. शाळा सुटली की दप्तर आपटत धावत यायची आणि शेजारच्या काकूंना विचारायची, ते उठलं का, ते जेवलं का, ते रडलं का. तेव्हा तू काय पाण्याची मोटर होतास?"

मोटरचं वर कसं कळलं हे मामाने विचारलं नाही. या जिन्यातून सगळंच ऐकू येत होतं.

"तो कप दे इकडे," तो म्हणाला. "तुला गुंडाळता येत नाही. कान तुटेल त्याचा."

"तुला येतं?"

"नाही. पण दे."

शुक्रवारी तिघं स्टुडिओत गेली. ताईच्या गुडघ्यांसाठी भाचीने खालची खोली मिळवली होती. अष्टधातूचा आवाज देणाऱ्या कलाकाराला सगळे 'भारदस्त' म्हणत. गाद्यांच्या आणि पंख्यांच्या जाहिरातींत त्याचा आवाज ऐकून लोकांना तो सहा फुटी वाटे. तो चारचौघांत उभा राहिला तर शोधावा लागे.

शेवटचं दृश्य लागलं. सतरा इमारती पाडून झाल्यावर चित्रपटालाही अखेर तो बाक सापडला होता. पडदाभर अष्टधातूचा चेहरा आणि हळूहळू हलणारे ओठ.

"हीच पंचाईत आहे," भाची म्हणाली. "शेवटी ओठ गोल होतात, बघ. 'झालो' अगदी चपखल बसतं. 'झालं' म्हटलं तर आवाज संपतो आणि तोंड उघडंच राहतं. जांभई दिल्यासारखं दिसतं."

"झालो म्हणायचं नाही," मामा म्हणाला.

"परवा तूच म्हणत होतास."

"परवा मी अडाणी होतो."

"पण ओठांचं काय करू मी? ओठ मोठे आहेत, लपणार नाहीत."

ताई इतका वेळ मागे बसून होती. तिने विचारलं, "जागा किती उरते?"

"कसली जागा, आई?"

"अगं, 'झालं' म्हणून झाल्यावर, तोंड मिटेपर्यंत."

यंत्रावर बसलेल्या मुलीने आकडा बघितला. "पाऊण सेकंद."

"एवढी?" ताई म्हणाली. "मग अडलंय कुठे? परत दाखव."

दृश्य चार वेळा लागलं. ताई पडद्याकडे बघत होती आणि मांडीवर तिचा उजवा हात टाक धरल्यासारखा हलत होता. चौथ्या वेळी हात थांबला.

"'हो' घाला. मी माणूस झालं हो."

भाचीने ओठांबरोबर पुटपुटून पाहिलं. हो म्हणताना तोंड गोल झालं आणि मिटलं. ती मागे वळून मामाकडे बघू लागली. मामा पडद्याकडे बघत होता. बावीस वर्षांत हा शब्द त्याला सुचला नव्हता.

भारदस्तने छाती भरून घेतली आणि म्हणाला, "मी माणूस झालं हो!" काचा थरथरल्या.

"अहो दादा," ताई म्हणाली, "सभा भरलीय का तिथे? शेजारी एक म्हातारी बसलीय आणि तिला ऐकू येतं. तिला सांगा. ती काही बक्षीस देणार नाही तुम्हाला. जरा सरकून जागा देईल, एवढंच."

भारदस्तने ताईकडे पाहिलं, कानावरचं यंत्र नीट केलं आणि पुन्हा म्हणाला. या वेळी त्याचा आवाज कुठल्याच गादीचा नव्हता. भाचीने बटण दाबायला जरा उशीर केला.

रविवारी ट्रक आला. खोकी चढली, भाची किल्ल्या घेऊन पुढे निघून गेली. ताई चालकाच्या शेजारी बसली तेव्हा मामा एक कागद घेऊन बाहेर आला. चित्रपटाबरोबर जुन्या चित्रकथांचा संग्रह निघणार होता आणि त्यात दुरुस्तीची दुरुस्ती छापायचं प्रकाशकाने कबूल केलं होतं. मजकूर ताईच्या हस्ताक्षरात हवा होता. मामाने ट्रकच्या दाराशी उभं राहून तो वाचून दाखवला.

"'सदर फुगा पुरेसा मोठा होता, हे नमूद करण्यात येत आहे.'"

"कोण करतंय नमूद? तहसीलदार?"

"मग तू सांग."

"'फुगा मोठा होता. माझं चुकलं.' खाली तुझं नाव. संपलं."

"एवढंच? लोकांना कळणार नाही."

"ज्याला कळायचंय त्याला कळेल. आणि तो 'सदर' काढ आधी. मी लिहिणार नाही सदर."

"सदरमध्ये काय वाईट आहे?"

चालकाने इंजिन चालू केलं. "काका, चढताय का मागे सरताय? मागे गाड्या तुंबल्यात."

मामाने मागे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि घरच्या चपलांनिशी वर चढला. "पुढच्या चौकात उतरतो. एवढं वाक्य होऊ दे."

ताईने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. पुढचा चौक आला तेव्हा 'सदर' गेला होता, पण 'पुरेसा' ठेवायचा की नाही यावर एकमत नव्हतं. चालकाने वेग कमी केला आणि मामाकडे पाहिलं.

"याच्या पुढच्या," मामा म्हणाला.

त्याच्या पुढच्या चौकात चालकाने विचारायचं सोडून दिलं.